समोरच्या बाकावरून दिसलेला भारत : हॉकीचा कोच नवा संघ कसा निवडतो?

१६ डिसेंबर २०१८ ची संध्याकाळ, भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम. पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, बेल्जियम विरुद्ध नेदरलँड्स. साठ मिनिटं संपली तरी ०-०. मग शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूनं एकट्यानं गोलरक्षकाला चुकवून गोल करायचा. त्यात बेल्जियमवाल्यांनी एकदा जिंकलो म्हणून उड्या मारल्या, व्हिडिओ पंचांनी तो गोल रद्द केला, सगळे ओशाळून परत रांगेत उभे राहिले आणि मग खरोखरच ३-२ नं जिंकले.

आपलं लक्ष तेव्हा अर्थातच खेळाडूंवर होतं. पण त्या दिवशी मैदानाबाहेर कोचमंडळींच्या दोन्ही बाकांवर कोण होतं ते आज आठवलं की गंमत वाटते. डच संघाचे मुख्य कोच मॅक्स कल्दास, मूळचे अर्जेंटिनाचे. त्यांच्या हाताखाली ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड. पलीकडे बेल्जियमच्या ताफ्यात सहायक म्हणून दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन. चार महिन्यांत रीड भारताचे कोच झाले. मार्च २०२३ मध्ये तीच खुर्ची फुल्टन यांच्याकडे आली. आणि ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदकाचा सामना झाला तेव्हा एका बाजूला भारताचे कोच फुल्टन होते, दुसऱ्या बाजूला स्पेनचे कोच म्हणून कल्दास. भारत २-१ नं जिंकला, दोन्ही गोल कर्णधार हरमनप्रीतचे.

ही माणसं अशी गावं का बदलतात? फुल्टन यांचंच घ्या. बेल्जियम म्हणजे २०१८ चा विश्वविजेता आणि टोकियोचा सुवर्णविजेता संघ. भारत तेव्हा नुकताच घरच्या विश्वचषकात नववा आला होता, आधीच्या कोचनं राजीनामा दिला होता आणि पॅरिस ऑलिंपिक सतरा महिन्यांवर होतं. अशा घरी मुलगी देताना आपल्याकडे दहा ठिकाणी चौकशी करतात. कोचही करतात. त्या चौकशीत काय काय येतं, तेच इथे बघू.

पैशाचा मुद्दा आधी उरकून टाकतो, कारण पहिला अंदाज सगळे तोच करतात. पगार महत्त्वाचा असतोच. पण हॉकी म्हणजे फुटबॉल नव्हे. कोचनं एका करारात सात पिढ्यांची सोय करावी एवढा पैसा या खेळात नाही. त्यामुळे किती मिळेल याच्या जोडीला, वेळेवर मिळेल का, हाही प्रश्न खरा असतो. सिगफ्रीड एकमन या डच कोचनी जपानला २०१८ चं आशियाई सुवर्ण मिळवून दिलं, नंतर ते पाकिस्तानकडे गेले आणि तिथे त्यांचा पगार महिनोन्महिने थकला. शेवटी सोडून गेले. अशी बातमी या छोट्या जगात सगळ्यांच्या कानावर जाते. त्या तुलनेत भारताची बाजू २०१८ पासून भक्कम झाली, कारण ओडिशा सरकार राष्ट्रीय संघांचं प्रायोजक झालं आणि तो करार पुढे वाढवतही नेला. एखादं राज्य सरकार राष्ट्रीय हॉकी संघ दत्तक घेतं, राउरकेलासारख्या पोलादाच्या गावात वीस हजारांचं स्टेडियम उभं राहतं आणि ते भरतंही. युरोपातल्या कोचला याचं अप्रूप वाटलं नाही तरच नवल. तिकडे मोठ्या सामन्यांनाही काही हजार लोक आले की आयोजक खूश असतात.

पैशाचं झालं. आता मला ज्यात खरा रस आहे तो मुद्दा. रीड आणि फुल्टन या दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. दोघांनीही भारताला बाद फेरीत हरवणाऱ्या संघाच्या बाकावरून भारत पाहिला होता. २०१८ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत भारत नेदरलँड्सकडून १-२ असा हरला, तेव्हा रीड डच बाकावर होते. टोकियोत ३ ऑगस्ट २०२१ ला उपांत्य फेरीत भारत बेल्जियमकडून २-५ हरला, तेव्हा फुल्टन बेल्जियमच्या ताफ्यात होते.

तो टोकियोचा सामना आठवून बघा. आठव्या मिनिटापर्यंत आपण २-१ नं पुढे. विश्वविजेत्यांना घाम फुटला होता. मग हळूहळू बेल्जियमनं चेंडू आपल्या गोलसमोरच्या वर्तुळात, म्हणजे डीमध्ये, आणायला सुरुवात केली. थेट गोल करायची घाई नाही. नुसतं आपल्या बचावपटूच्या पायावर चेंडू लागेल किंवा त्याची स्टिक चुकेल अशी वेळ आणायची. प्रत्येक चुकीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलसमोर ठरवून फटका मारायची आयती संधी. असे कॉर्नर ढिगानं मिळाले आणि अलेक्झांडर हेंड्रिक्सनं एकट्यानं तीन गोल केले. आपण दमलो आणि सामना गेला.

प्रेक्षक म्हणून आपल्याला त्यात पराभव दिसला. पण समोरच्या बाकावर बसलेल्या कोचला काय दिसलं असेल? हा संघ आठ मिनिटांत दोन गोल मारू शकतो, म्हणजे कौशल्य आहे, वेग आहे, पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकनं ओढून गोलात फेकणारा ड्रॅगफ्लिकर आहे. नडतंय ते एवढंच की बचावाची शिस्त साठ मिनिटं टिकत नाही. कौशल्य शिकवायला दहा वर्षं लागतात, ते लहानपणीच यावं लागतं. शिस्त सतरा महिन्यांत बसवता येते. डॉक्टरला रोगी पाहताक्षणी रोग कळावा तसं हे आहे. फुल्टन यांच्या डोक्यात नेमकं हेच होतं असा माझा दावा नाही, हा माझा तर्क. पण भारतात आल्यावर त्यांनी पहिल्यापासून जो मंत्र लावला तो होता ‘जिंकण्यासाठी बचाव’. म्हणजे चौकशी नीट झाली होती असं मानायला जागा आहे.

कोच लोक ज्याला वाव म्हणतील तो हाच. संघ आज कुठे आहे यापेक्षा तो आज जिथे आहे आणि जिथे जाऊ शकतो त्यातलं अंतर. बेल्जियममध्ये ते अंतर संपलं होतं. सगळं जिंकलेल्या संघाला वर जायला जागा नसते. भारतासारख्या संघात ते अंतर मोठं, आणि ते कापलं तर श्रेय कोचच्या नावावर लागतं. नाव कमावायची इच्छा कोचला नसते असं कुणी समजू नये.

यातच खुर्चीचा प्रश्नही येतो. फुल्टन २०१४ ते २०१८ आयर्लंडचे मुख्य कोच होते. पैशांची कायम ओढाताण असलेला, नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणाऱ्यांचा तो संघ. त्याला त्यांनी रिओ ऑलिंपिकला नेलं. १९०८ नंतर आयर्लंडचा पुरुष संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये खेळला. एवढं करून हे गृहस्थ बेल्जियममध्ये शेन मॅक्लिओड यांचे सहायक झाले. आपल्याकडे मुख्याध्यापक दुसऱ्या शाळेत उपमुख्याध्यापक म्हणून गेला तर लोक कुजबुजतील. हॉकीत मात्र ही पायरी नेहमीची आहे. रीडही ऑस्ट्रेलियाचे मुख्य कोच होते, रिओत उपांत्यपूर्व फेरीत हरले आणि नंतर डच संघात कल्दास यांचे सहायक झाले. छोट्या संघाला वर आणता येतं हे आयर्लंडनं सिद्ध झालं, पण पदक जिंकणारा संघ आतून कसा चालतो हे जिंकणाऱ्यांत बसल्याशिवाय कळत नाही. ते शिकून झालं की पुन्हा स्वतःची खुर्ची हवीशी वाटते, आणि ती देणारे मोठे संघ जगात आठ-दहाच. त्यातल्या बहुतेक खुर्च्या ऑलिंपिकनंतर रिकाम्या होतात, कारण सगळ्यांचं घड्याळ चार वर्षांचं. म्हणून मधेच जानेवारीत भारताची खुर्ची रिकामी होणं हा योगायोगही लक्षात घ्यायला हवा. निवड म्हणजे बरेचदा समोर आलेल्या एका संधीला हो किंवा नाही म्हणणं असतं.

भारताचं आणखी एक आकर्षण बाहेरच्यांना फार वाटतं, आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. ते म्हणजे खेळाडू हाताशी असणं. नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत खेळाडू आधी क्लबचा असतो. आठवड्यातले काही दिवस राष्ट्रीय संघाचा सराव, शनिवार-रविवार क्लबचा सामना, मधे विद्यापीठ किंवा नोकरी. आपल्याकडे संभाव्य खेळाडू बेंगळुरूच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात महिनोन्महिने शिबिरात राहतात. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, पोलीस खातं अशा ठिकाणी नोकरी पक्की, त्यामुळे दिवसभर हॉकी. कोचच्या दृष्टीनं ही चैन आहे.

हीच चैन ॲलिसन ॲनन यांना चीनमध्ये मिळाली असावी. खेळाडू म्हणून ऑस्ट्रेलियाकडून दोन ऑलिंपिक सुवर्ण, कोच म्हणून डच महिलांना विश्वचषक आणि टोकियोचं सुवर्ण. यापुढे कुठे जाणार? पण त्या स्वतःहून गेल्या नाहीत. संघातल्या वातावरणाबद्दल खेळाडूंच्या तक्रारी आल्या, चौकशी झाली आणि २०२२ च्या सुरुवातीला डच संघटनेनं त्यांना बाजूला केलं. त्याच वर्षी त्या चीनच्या कोच झाल्या. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण, आणि पॅरिसच्या अंतिम सामन्यात चीनसमोर कोण? नेदरलँड्स. चीननं आधी गोल केला, डचांनी शेवटच्या भागात १-१ केलं आणि शूटआउट ३-१ नं जिंकलं. आपल्याच जुन्या मुलींशी सुवर्णपदकासाठी लढताना त्या बाईंच्या मनात काय चाललं असेल! सूड हा शब्द मी वापरणार नाही. पण नवा संघ निवडताना जुन्या घराला काहीतरी दाखवून द्यायची ऊर्मी अजिबात नसते, यावर माझा विश्वास नाही.

आता चौकशीतला सगळ्यात अवघड प्रश्न : घरात चालतं कुणाचं?

हॉकीत कोचच्या हातात काय असतं ते आधी समजून घेऊ. सामना पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे कोण कधी दम घेणार हे बाकावरून ठरतं. ऑलिंपिकला मुख्य संघात फक्त सोळा जण नेता येतात. त्या सोळांत दोन-तीन नावं दुसऱ्या कुणी घुसवली तर कोचची सगळी आखणी कोलमडते. म्हणून पगाराच्या आकड्याच्या वर कोच जी ओळ वाचतो ती निवडीच्या अधिकाराची. दुसरी ओळ, स्वतःची माणसं आणता येतील का. फुल्टन यांना ती मुभा मिळाली. मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन आले. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाबरोबर होते तेच.

या बाबतीत भारतीय हॉकीची जुनी पत फारशी चांगली नाही, आणि हे बाहेरच्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. १९९८ मध्ये बँकॉकला बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळालं. कोच एम. के. कौशिक, कर्णधार आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. परत आल्यावर काय झालं? कौशिक यांचं पद गेलं, आणि धनराजसह अर्धा डझन खेळाडू संघाबाहेर. २००२ च्या क्वालालंपूर विश्वचषकात मुंबईच्या सेड्रिक डिसूझा यांना स्पर्धा चालू असतानाच दूर केलं गेलं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ तांत्रिक सल्लागार म्हणून आले. ऑस्ट्रेलियन महिलांना दोन ऑलिंपिक आणि दोन विश्वचषक जिंकून दिलेला माणूस. डॉक्टर, माजी खासदार, शिवाय पहिल्या दर्जाचं क्रिकेट खेळलेला. त्यांना काही महिन्यांत कंटाळून परत जावं लागलं. २०१४ मध्ये टेरी वॉल्श यांनी सोळा वर्षांनी आशियाई सुवर्ण आणि थेट रिओचं तिकीट मिळवून दिलं, आणि दीड-दोन महिन्यांत कारभाराशी वाद होऊन तेही गेले.

त्यानंतरचे पॉल व्हान आस तर सहा महिनेच टिकले. २०१५ च्या अँटवर्पमधल्या वर्ल्ड लीग उपांत्य स्पर्धेत, म्हणजे ऑलिंपिकची पात्रता ठरवणाऱ्या स्पर्धेत, मैदानावर भारतीय हॉकी संघटनेच्या अध्यक्षांशी त्यांचा खटका उडाला आणि महिन्याभरात पद गेलं. याच स्पर्धेत एका छोट्या संघानं पाकिस्तानला १-० हरवून ऑलिंपिकच्या बाहेर काढलं होतं. तो संघ आयर्लंड, आणि त्याचे कोच फुल्टन. म्हणजे भारतात कोचची खुर्ची कशी हलते हे त्यांनी ऐकीव माहितीवरून नव्हे, त्याच गावात राहून पाहिलं होतं. तरी आठ वर्षांनी त्यांनी हो म्हटलं.

का? मधल्या काळात काहीतरी बदललं होतं म्हणूनच. रीड यांना जवळजवळ चार वर्षं मिळाली. टोकियोत एकेचाळीस वर्षांनी पदक आलं. आणि शेवटी ते गेले तेही स्वतः राजीनामा देऊन. आधीच्या माणसाला घरानं कसं वागवलं, हे नव्या माणसाला दिलेल्या कुठल्याही वचनापेक्षा जास्त बोलतं. अर्थात सगळं आलबेल झालं असंही नाही. शुअर्ड मरीन यांना २०१७ मध्ये महिला संघावरून उचलून पुरुष संघावर बसवलं, २०१८ मध्ये परत महिला संघावर. त्यांच्यानंतरच्या यानेके शॉपमन यांनी २०२४ मध्ये पद सोडलं ते इथे आपल्याला मान मिळत नाही, आपलं ऐकलं जात नाही असं उघड सांगून. एकाच छपराखाली पुरुष संघाच्या कोचला एक अनुभव आणि महिला संघाच्या कोचला दुसरा, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक उमेदवाराच्या चौकशीत येणारच.

मरीन यांचंच नाव निघालं म्हणून घरच्या गोष्टीबद्दल दोन शब्द. टोकियोत आपल्या मुली चौथ्या आल्या, ब्रिटनकडून ३-४ नं हरून ढसाढसा रडल्या. त्याच दिवशी मरीन यांनी सांगितलं की हा माझा शेवटचा सामना. करोनाच्या काळात संघ बेंगळुरूच्या केंद्रात अडकला होता, मुलंबाळं नेदरलँड्समध्ये. यशाच्या शिखरावर असताना त्यांनी घर निवडलं. शिबिर महिनोन्महिने चालतं ही कोचची चैन, असं मी वर म्हटलं. तिची किंमत ही.

चौकशी कितीही केली तरी संसार कसा होतो ते पुढेच कळतं. रविवार, ४ ऑगस्ट २०२४, दुपारचे दीड. आमच्याकडे जेवणाची ताटं टीव्हीसमोरच वाढली होती. पॅरिसमध्ये उपांत्यपूर्व फेरी, समोर ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याला लागली आणि पंचांनी लाल कार्ड दाखवलं. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटं दहा जणांनी खेळायची, तीही बचावातला मोहरा गमावून. टोकियोतला संघ इथे कोसळला असता असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. हरमनप्रीतनं बाविसाव्या मिनिटाला गोल केला, ब्रिटननं मध्यंतराआधी बरोबरी साधली. दुसऱ्या अर्ध्यात ब्रिटन लाटांसारखं येत राहिलं. आपले लोक डीच्या तोंडाशी दाटीनं उभे. पुढचे आघाडीवीरही मागे येऊन स्टिका जमिनीला टेकवून वाट अडवत होते. चेंडू मिळाला की उगाच धावत सुटणं नाही, बाजूला मारून श्वास घ्यायचा. मागे गोलरक्षक श्रीजेश ओरडून जागा सांगतोय. १-१ वर साठ मिनिटं संपली आणि शूटआउट आपण ४-२ नं जिंकलो. वरणभात केव्हाच गार झाला होता.

‘जिंकण्यासाठी बचाव’ म्हणजे काय, हे त्या दुपारी समजावून सांगायची गरज उरली नाही.

पण कोचचं नाव म्हणजे जादूची कांडी नव्हे, याचा पुरावा मुंबईतच आहे. २०१३ मध्ये पहिली हॉकी इंडिया लीग झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्सचे कोच होते खुद्द चार्ल्सवर्थ. चर्चगेटजवळचं महिंद्रा स्टेडियम, जगातला बहुधा सर्वात यशस्वी कोच आणि निकाल? पाच संघांत पाचवा. सुरुवातीलाच निदर्शनं झाली, लीगमधल्या पाकिस्तानी खेळाडूंना घरी पाठवावं लागलं, लिलावात जुळवलेल्या संघाची घडी विस्कटली. महिन्याभराच्या लीगमध्ये ती परत बसवायला वेळच नव्हता. कोचला वेळ द्यावा लागतो, हे वाक्य गुळगुळीत झालंय खरं, पण चार्ल्सवर्थसुद्धा त्याला अपवाद ठरले नाहीत.

जून २०२५ मध्ये फुल्टन यांची पाळी आली. प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात भारत सलग सात सामने हरला. जुन्या दिवसांत एवढ्यावर दोन कोच बदलले असते. या वेळी कुणी बदललं नाही. सप्टेंबरमध्ये बिहारच्या राजगीरला आशिया चषक झाला, अंतिम सामन्यात भारतानं कोरियाला ४-१ हरवलं आणि २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. तो विश्वचषक दोन देश मिळून भरवणार आहेत : नेदरलँड्स आणि बेल्जियम.